वायरलेस कीबोर्ड अक्षरं गाळतोय? दोष नेमका कुठे आहे ते असं शोधा

‘नमस्कार’ टाइप करावं आणि पडद्यावर ‘नमकार’ उमटावं. पुन्हा करावं तर ‘नमस्काररररररर’. तिसऱ्या वेळी काहीच नाही. वायरलेस कीबोर्डने एकदा असा छळ मांडला की बहुतेक जण आधी सेल बदलतात, आणि तेवढ्याने भागलं नाही की सरळ नवा कीबोर्ड घेतात. हे बघून मला खरंच वाईट वाटतं. टाकून दिलेला कीबोर्ड पुष्कळदा धडधाकट असतो आणि दोष भलतीकडेच असतो. नवा कीबोर्ड त्याच जागी जोडला की चार दिवसांनी तोही तसाच वागायला लागतो.

बटण दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंत बरंच काही घडतं. बटणाखालचा संपर्क जुळतो, आतली चिप तो ओळखते, सेलवर चालणारा छोटा ट्रान्समीटर संदेश हवेत सोडतो, कॉम्प्युटरला लावलेला रिसीव्हर तो पकडतो, यूएसबी पोर्टातून तो विंडोजकडे जातो आणि विंडोज तो तुमच्या प्रोग्रॅमच्या हवाली करते. अक्षर या वाटेत कुठेतरी गळतं. ते कुठे गळतं एवढंच शोधायचं आहे, आणि त्यासाठी एक पथ्य कडक पाळायचं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल, पोर्ट आणि ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला कीबोर्डशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्रॅम) एकाच दमात बदलून कीबोर्ड चालू झाला, तर तो कशाने चालू झाला हे कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी दोन मिनिटं नुसतं बघा

नोटपॅड उघडा. वर्ड नको, ब्राउझर नको, कारण त्यांच्यात शब्द आपोआप दुरुस्त करणाऱ्या सोयी असतात आणि त्या चित्र गढूळ करतात. ओळीने सगळी अक्षरं आणि आकडे टाइप करा, मग नेहमीच्या वेगाने चार-पाच वाक्यं लिहा. दुरुस्त काहीही करू नका. जे उमटलं ते तसंच राहू द्या आणि मग वाचा.

दर वेळी एकच ठरावीक बटण गळत असेल किंवा दोनदा उमटत असेल, तर दोष त्या बटणाखालीच आहे. रेडिओलहरींना अक्षरं ओळखता येत नाहीत. त्या ‘स’ सोडून बाकी सगळं पोचवतील असं होत नाही. उलट आज हे अक्षर, उद्या ते, असं वाटेल तसं गळत असेल तर संशय सेलवर किंवा रेडिओच्या वाटेवर जातो. गळत काहीच नाही पण भलतंच अक्षर येतंय, तर तो लेआउटचा, म्हणजे कोणत्या बटणाने कोणतं अक्षर उमटावं या मांडणीचा मामला आहे. नोटपॅडमध्ये सगळं ठीक आणि एकाच प्रोग्रॅममध्ये अडखळत असेल, तर कीबोर्डला हात लावायचं कारणच नाही. तो प्रोग्रॅम किंवा त्याच्यात घातलेलं एखादं एक्स्टेन्शन तपासा. आणि थोडा वेळ कीबोर्ड तसाच पडून राहिल्यावर फक्त पहिलं अक्षर खाल्लं जात असेल, तर तो बिघाड नव्हे. सेल वाचवण्यासाठी कीबोर्ड झोपी जातो आणि पहिल्या बटणाने जागा होतो. लिहायला लागण्याआधी एकदा शिफ्ट दाबायची सवय लावली की पुरे.

त्याच रिसीव्हरवर माउसही चालत असेल तर त्याच्याकडेही लक्ष द्या. पॉइंटर सरळ न जाता झटके देत असेल, तर दोघांमध्ये जे सामाईक आहे तिथेच घोटाळा आहे, म्हणजे रिसीव्हर, त्याची जागा किंवा पोर्ट.

एकच अक्षर धबधब्यासारखं का येतं

हे लक्षण लोकांना सगळ्यात जास्त फसवतं. ‘ररररर’ उमटलं की वाटतं बटण अडकलं. मग बटण उचकटण्याचा उद्योग सुरू होतो आणि चांगलं बटण मोडतं.

खरी गोष्ट अशी की कीबोर्ड प्रत्येक बटणासाठी दोन संदेश पाठवतो, एक दाबल्याचा आणि एक सोडल्याचा. दाबल्याचा संदेश मिळाला की विंडोज एक अक्षर छापते आणि क्षणभर थांबते. हा थांबा सेटिंगप्रमाणे पाव सेकंद ते एक सेकंद असतो. तेवढ्यात सोडल्याचा संदेश आला नाही, तर बटण अजून दाबलेलंच आहे असं समजून तेच अक्षर पुन्हा पुन्हा छापत राहते. वेग वाढवलेला असेल तर सेकंदाला तीसच्या आसपास. आता हवेत फक्त सोडल्याचा संदेश हरवला असं समजा. तुमचं बोट कधीच उचललेलं असतं आणि विंडोजला त्याचा पत्ता नसतो. दाबल्याचा संदेश हरवला तर अक्षर गळतं, सोडल्याचा हरवला तर धबधबा लागतो. म्हणून गळणं आणि धबधबा दोन्ही एकत्र दिसले, आणि तेही वेगवेगळ्या अक्षरांवर, तर डोळे झाकून रेडिओच्या वाटेकडे वळा. कॉम्प्युटरचा प्रोसेसर पार दमलेला असतानाही कधी कधी असंच दिसतं. अशा वेळी टास्क मॅनेजरमध्ये त्याचा भार शंभर टक्क्यांच्या आसपास दिसेल.

अजिबातच चालत नसेल तर

अडखळणारा कीबोर्ड आणि मुका कीबोर्ड हे दोन वेगळे रोगी आहेत. मुक्यासाठी आधी साध्या गोष्टी बघायच्या, आणि त्या बघताना संकोच करू नका. मागच्या बाजूचा चालू-बंदचा खटका बॅगेत किंवा पुसताना सहज सरकतो. सेलची दिशा उलटी असू शकते. आणि १, २, ३ अशी बटणं असलेला, तीन उपकरणांना जोडता येणारा कीबोर्ड असेल तर तो सध्या भलत्याच क्रमांकावर असू शकतो. मग तुम्ही इथे बसून टाइप करता आणि अक्षरं पलीकडच्या टॅबलेटवर उमटत असतात.

पासवर्ड टाकल्याशिवाय आतच जाता येत नसेल, तर लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो आणि माउसने पासवर्ड टाकता येतो. हा पडद्यावरचा कीबोर्ड तपासणीलाही फार कामाचा आहे. तो उघडा ठेवून खऱ्या कीबोर्डवर बटणं दाबा. तेच बटण पडद्यावर चमकलं तर संदेश विंडोजपर्यंत नीट पोचतोय, आणि पुढचा शोध विंडोजमध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये घ्यायचा. चमकलं नाही तर विंडोजच्या अलीकडे बघायचं.

याहून पक्की परीक्षा म्हणजे कीबोर्ड आणि त्याचा रिसीव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघणं. तिथेही तेच रडगाणं असेल तर दोष कीबोर्डमध्ये, रिसीव्हरमध्ये किंवा सेलमध्ये. तिथे सुरळीत चालला तर दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये किंवा टेबलाच्या आसपास. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी शक्यता त्यात निकालात निघते. दुसरा कॉम्प्युटर हाताशी असेल तर मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन.

सेल

‘आत्ताच तर घातले होते’ यावर विसंबू नका. घराघरांत जुने-नवे सेल एकाच खणात पडलेले असतात. सीलबंद पाकिटातले दोन नवे, एकाच प्रकारचे सेल घालून बघा. एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावली तर जुना नव्याला खाली ओढतो. साधा अल्कलाइन सेल नवा असताना साधारण १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो. मल्टीमीटरवर १.२ च्या खाली आलेला दिसला तर तो बदलायलाच हवा. चार्ज होणारे निकेल सेल मात्र मुळातच १.२ व्होल्टचे असतात. बहुतेक कीबोर्ड त्यांच्यावर चालतात, पण बॅटरी संपत आल्याची सूचना त्यांच्यामुळे वेळेआधीच येऊ शकते.

सेल काढल्यावर आतल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या उजेडात बघा. त्यांच्यावर पांढरी भुकटी किंवा हिरवट थर असेल तर सेल कधीतरी पाझरला आहे. अल्कलाइन सेलमधला पाझर क्षारयुक्त असतो आणि कातडीला झोंबतो. हातमोजे घाला, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन थर पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. नवे सेल घालूनही अडखळणारे कीबोर्ड एवढ्यावर सुरळीत झालेले मी पाहिले आहेत.

रिसीव्हरची जागा

मला विचाराल तर या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. डेस्कटॉपच्या बाबतीत तर नक्कीच.

हे मी माझ्याच टेबलावर शिकलो. संध्याकाळी लिहायला बसलं की अक्षरं गळायची, सकाळी तोच कीबोर्ड शहाण्यासारखा वागायचा. सेल बदलले, ड्रायव्हर पुन्हा टाकला, फरक शून्य. एकदा लिहिता लिहिता सहज खाली नजर गेली, तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला रिसीव्हर आणि त्याला अगदी खेटून बाहेरच्या हार्डडिस्कची निळी, म्हणजे यूएसबी ३ ची पिन. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, रोजचा बॅकअप चालू होता. मी बॅकअप थांबवला आणि अक्षरं सरळ उमटायला लागली. पुन्हा सुरू केला, पुन्हा गळायला लागली. तीन वेळा करून पाहिलं, तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

याचं कारण ठाऊक आणि तपासलेलं आहे. रिसीव्हरवाले बहुतेक कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३ ची तार सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहते आणि त्या वेगाचा विद्युत गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर तांत्रिक निबंधच प्रसिद्ध केला होता. पोर्ट, पिन आणि तार या तिन्हींतून हा गोंगाट बाहेर पडतो. रिसीव्हर त्याच्या शेजारी बसला की कीबोर्डचा क्षीण आवाज त्याला ऐकूच येत नाही. ढोल वाजत असताना शेजारच्याचं कुजबुजणं ऐकू येऊ नये, तसं.

दुसरी अडचण लोखंडाची. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात लावलेला रिसीव्हर पत्र्याचं कॅबिनेट आणि भिंत यांच्या मध्ये, तारांच्या गुंत्यात अडकतो. कीबोर्ड समोर टेबलावर आणि रिसीव्हर पत्र्याच्या पाठीमागे. कीबोर्डच्या खोक्यावर दहा मीटर लिहिलेलं असलं तरी ते मोकळ्या जागेचं माप आहे. टेबल धातूचं असेल आणि कॅबिनेट त्याच्या खाली असेल तर आणखीच पंचाईत.

उपाय साधा आहे: एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, कीबोर्डपासून हातभर अंतरावर, त्याच्याशी नजरानजर होईल असा ठेवा. केबल काळ्या, म्हणजे साधारणपणे यूएसबी २ च्या पोर्टात लावा. काही उत्पादक रंगांचा हा संकेत पाळत नाहीत, तेव्हा मदरबोर्डचं माहितीपत्रक एकदा बघितलेलं बरं. रिसीव्हरला यूएसबी ३ च्या वेगाचा काडीचाही उपयोग नसतो, त्यामुळे यात गमावण्यासारखं काही नाही. हब किंवा केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड दोन कॉम्प्युटरना वापरू देणारी पेटी) मध्ये असेल तर तपासणीपुरता तो बाजूला काढा आणि थेट कॉम्प्युटरला जोडा.

त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथही नांदतात. राउटर टेबलावरच असेल तर तो दोन-तीन हात लांब सरकवा आणि कॉम्प्युटर वायफायवर चालत असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर न्या. भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर तो चालू असतानाच अक्षरं गळतात का, तेही एकदा बघून ठेवा. तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो.

कीबोर्ड ब्लूटूथवाला असेल तर

इथे वेगळा रिसीव्हर नसतो, म्हणून लोकांना वाटतं की जागेचा प्रश्नच मिटला. डेस्कटॉपमध्ये तो मिटत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ असलेल्या मदरबोर्डच्या मागे अँटेना बसवायची दोन सोनेरी पेचदार टोकं असतात, आणि अँटेना खोक्यात सुट्या येतात. नेटसाठी तार जोडली की वायफायची गरज उरत नाही आणि अँटेना खोक्यातच राहून जातात. मग ब्लूटूथही अँटेनाशिवायच धापा टाकत चालतं. कॅबिनेटच्या मागे हात घालून ती टोकं चाचपून बघा. रिकामी असतील तर बहुधा रोग सापडला.

यूएसबी पोर्टात वेगळा ब्लूटूथ डोंगल लावला असेल आणि मदरबोर्डवरही ब्लूटूथ असेल तर दोन्ही एकदम चालू ठेवू नका. विंडोज एका वेळी एकाच ब्लूटूथ अडॅप्टरवर नीट चालते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (स्टार्टवर माउसचं उजवं बटण दाबलं की तो यादीत दिसतो) जाऊन मदरबोर्डवरचं बंद करा.

जोडणी बिघडल्याची शंका असेल तर अर्धवट प्रयत्न करू नका. सेटिंग्जमधल्या ब्लूटूथच्या यादीतून कीबोर्ड पूर्ण काढून टाका, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, कीबोर्डवरचं जोडणीचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि नव्याने जोडा. पडद्यावर आकडे आले तर ते त्या कीबोर्डवरच टाइप करून एंटर दाबायचं असतं. एंटर न दाबता पुष्कळ जण वाट बघत बसतात आणि जोडणी हुकते.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जायचं असेल तर ब्लूटूथ कीबोर्डची आशा धरू नका. कॉम्प्युटर पूर्ण चालू होण्याआधी ब्लूटूथ जागं नसतं. रिसीव्हरवाला कीबोर्ड तिथे बहुधा चालतो, कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो साधा यूएसबी कीबोर्डच असतो.

विंडोजमधले अडथळे

इथे सगळ्यात आधी फिल्टर कीज बघा. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ही सोय चालू करण्याचा प्रश्न पडद्यावर येतो, आणि विचार करता करता बोट शिफ्टवर टेकून राहणं फार सहज घडतं. घाईत ‘हो’ म्हटलं गेलं की चटकन दाबलेली बटणं विंडोज मुद्दाम दुर्लक्षित करते. बटण जरा जास्त वेळ दाबलं तरच अक्षर येतं. कीबोर्ड मेला असं वाटायला लावणारं हे लक्षण आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीजचा, म्हणजे शिफ्टसारखी बटणं दाबून न धरता एकामागून एक दाबू देणाऱ्या सोयीचा प्रश्न येतो. दोन्ही खटके सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली, कीबोर्डच्या पानावर आहेत. ज्यांचे हात थरथरतात त्यांना या सोयी खरंच लागतात. तुम्हाला लागत नसतील तर तिथेच त्यांचे शॉर्टकटही बंद करा.

भलतंच अक्षर येत असेल तर लेआउट तपासा. शिफ्ट आणि २ दाबल्यावर ‘अ‍ॅट’च्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरण आलं, तर अमेरिकी लेआउटच्या जागी ब्रिटिश लेआउट लागलेला आहे. मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी दोन्ही वापरणाऱ्यांकडून नकळत विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबले जातात आणि पासवर्डच चुकायला लागतो. पासवर्ड टाकण्याआधी कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघत जा.

बराच वेळ कॉम्प्युटर तसाच पडून राहिल्यावर किंवा झोपेतून उठल्यावरच कीबोर्ड हरवत असेल, तर विंडोज वीज वाचवण्यासाठी तो पोर्ट बंद करते आहे. स्टार्टवर माउसचं उजवं बटण दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, यूएसबी कंट्रोलरच्या यादीत प्रत्येक रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी चौकट रिकामी करा. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करता येतं. डेस्कटॉपला बॅटरीची चिंता नसते, त्यामुळे हे निर्धास्त करा.

ड्रायव्हर नव्याने टाकायचा तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डच्या यादीतली नोंद काढा आणि रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा शोधून बसवते. पण हात घालण्याआधी माउस चालतोय याची खात्री करा. आणि इथे शटडाऊन करून चालू करणं पुरत नाही, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनच्या वेळी विंडोज आपली आणि ड्रायव्हरची स्थिती जपून ठेवते आणि तीच परत उघडते.

कीबोर्ड कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये रिसीव्हरचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट दिसत असेल तर तेही करून घ्या. २०१६ मध्ये माउसजॅक नावाने उघडकीस आलेल्या त्रुटींमध्ये अनेक कंपन्यांच्या ब्लूटूथ नसलेल्या रिसीव्हरांतून बाहेरच्या माणसाला बटणं दाबल्यासारखे संदेश घुसवता येत होते. जुना रिसीव्हर असेल तर हे अपडेट चुकवू नका.

एकच बटण त्रास देत असेल तर

सेल काढा. कीबोर्ड उलटा धरून हलकेच ठोका, मग बटणांच्या फटीत दाबलेल्या हवेचा फवारा मारा. तरी बटण कुरकुरत असेल आणि टोपी निघण्यासारखी असेल, तर आधी पूर्ण कीबोर्डचा फोटो काढा आणि टोपी सरळ वर उचला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या काडीने आत पुसा. लॅपटॉपसारखी चपटी बटणं मात्र उपटू नका. त्यांच्याखालच्या प्लॅस्टिकच्या नाजूक कात्र्या एकदा मोडल्या की बसत नाहीत. स्पेसबार आणि एंटरखाली तारेचा आधार असतो, त्यांनाही शक्यतो हात लावू नका.

काही सांडलं असेल तर क्षणाचाही विलंब न लावता सेल काढा, कीबोर्ड पालथा घाला आणि किमान दोन दिवस वाळू द्या. गोड पेय असेल तर वाळल्यावरही चिकटपणा राहतो आणि तो साफ करावाच लागतो.

तीन बटणं एकत्र दाबल्यावरच तिसरं गळत असेल आणि ते नेमक्या ठरावीक त्रिकुटांनाच होत असेल, तर तो बिघाड नाही. बटणांखाली पातळ प्लॅस्टिकचा पडदा असलेल्या स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डमधल्या तारांची जाळीच तशी असते, सेल किंवा पोर्ट बदलून त्यात फरक पडणार नाही.

रिसीव्हरच हरवला असेल तर

पुष्कळ कीबोर्डांची जोडी कारखान्यातच एका रिसीव्हरशी बांधलेली असते, आणि दुसरा रिसीव्हर आणून काम होत नाही. काही कंपन्या मात्र वेगळा रिसीव्हर विकतात. लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरला सहापर्यंत उपकरणं नव्याने जोडता येतात, पण बोल्ट ही त्यांचीच नवी पद्धत युनिफाइंगशी जुळत नाही. तेव्हा मागवण्याआधी कीबोर्डच्या पाठीवरचं चिन्ह नीट बघा. मागवण्याच्याही आधी सेलचं झाकण उघडून आत बघा. बऱ्याच कीबोर्डांत रिसीव्हर ठेवायला तिथे एक छोटी खाच असते. आणि कीबोर्ड दुरुस्तीला किंवा वॉरंटीत बदलून घ्यायला देताना रिसीव्हर पोर्टातून काढून त्याच खाचेत घाला. तो घरीच राहिला तर समोरच्याला काहीच तपासता येत नाही.